पदवीचा विडा

जेवणं होऊन पानं उचलली गेली, तरी कोणी उठेना. एरवी रविवारी डांगर पच्चडी नि सांबार पोटात गेलं की या घरात बोलणं थांबायचं आणि घोरणं सुरू व्हायचं. आज मात्र कोणाच्या नशिबी डुलकी नव्हती. तिरुवल्लिकेणीच्या त्या अरुंद गल्लीत चैत्रातली दुपार नुसती साचून राहिली होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण त्याचा वारा यायचा तो उन्हं कलल्यावर; तोवर पंख्याचं गरम वारं खात बसायचं.

"मग काय ठरलें?" कृष्णवेणीअक्कांनी विचारलं. सकाळपासून त्या एवढंच विचारत होत्या.

ठरायचंही एवढंच होतं. दक्षिण मराठी सभेचे अध्यक्ष माघात वारले होते आणि येत्या रविवारी नवा अध्यक्ष निवडायचा होता. सभेत नव्यांचा जोर वाढला होता. नवे म्हणजे पुण्या-साताऱ्याकडून बदलून आलेले, रेल्वेतले, बँकेतले, आवडी गावातल्या कारखान्यातले लोक. त्यांनी अकाउंटंट जनरलच्या ऑफिसातल्या दत्तोपंतांचं नाव पक्कं करून टाकलं होतं. जुन्यांकडून, म्हणजे तंजावरकडच्या घरांतून, दोघं उभे राहिले तर मतं फुटणार आणि दत्तोपंत पाय पसरून निवडून येणार. आणि हे दोघं कोण, तर एका आईच्या पोटचे, कृष्णवेणीअक्कांच्याच पाठचे भाऊ. थोरले व्यासराजराव, ज्यांच्या घरात ही बैठक चालली होती, आणि धाकटे सत्यनारायणराव, हायकोर्टातले वकील.

"अमेरिकेंत ह्याच्यावर उपाय अहे," राममूर्ती म्हणाला. हा व्यासराजांचा मुलगा, पेरंबूरच्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात नोकरीला. सुट्टीच्या दिवशी माउंट रोडच्या अमेरिकन लायब्ररीत जाऊन बसायचा. "तेथें यंदा प्रेसिडेंटची निवडणूक अहे. पण आधीं एकाच पक्षांतले लोक आपसांत लढतात. हा बरा कीं तो बरा, सगळें उघड बोलतात. मग एकच उभा राहातो. त्याला प्रायमरी म्हणतात."

"प्रायमरी?" कृष्णवेणीअक्का म्हणाल्या. "तुझे काका बी.एल. झाले रे, त्यांना परत प्रायमरींत घालतोस?"

सगळे हसले, पण ते हसणंही दमलेलंच होतं. सत्यनारायणरावांनी उपरण्यानं मान पुसली. "सरी, बरें. बोला तर. घरांतल्या घरांत वाभाडे काढलेले बरे. बाहेर लोक काढतातच."

कृष्णवेणीअक्कांनी पितळी तबकात एक विडा मांडून तो मधोमध ठेवला. या घराण्याची ही जुनी रीत. जोखमीचं काम कोणी करायचं हे ठरवताना थोरल्या बहिणीनं विडा मांडायचा, आणि ज्यानं उचलला तो शब्दानं बांधला गेला. तंजावरचं घर विकायचा विडा सत्यनारायणरावांनी उचलला होता. वाटभर रडले, पण विकून आले. उचललेला विडा तबकात परत आलेला कोणी पाहिला नव्हता.

"आधीं सत्या," अक्का म्हणाल्या.

"ह्यांच्यासारखें बोलणारा सभेंत कोण अहे?" सत्यनारायणरावांची बायको सीतालक्ष्मी लगेच म्हणाली. ती सकाळपासून याच वाक्यावर टपून बसली होती. "केवढे केवढे साहेब समोर बसले तरी हे अडखळले नाहींत कधीं."

"अडखळत नाहीं हें खरें. थांबतो कोठें? दत्तजयंतीला ह्याचें भाषण संपेपर्यंत पानावरचा भात वाळला. मुलें पानावरच झोपलीं," अक्का म्हणाल्या.

"आत्या, तें सोडा," राममूर्ती म्हणाला. "काका, तुमचा खरा वीक पॉइंट सांगूं? तुमी माणसें ओळखत नाहींत. संक्रांतीला त्या चष्मेवाल्या गृहस्थाला तुमी दोनदां नांव विचारलेंत. तो तुमचा व्याही होता."

"कोर्टांत येवढीं तोंडें पाहातों," सत्यनारायणराव म्हणाले, "संध्याकाळीं सगळीं एकच दिसतात."

ते खोटं बोलत नव्हते. सीतालक्ष्मीनं नवऱ्याकडे पाहिलं. गेल्या वर्षापासून त्यांचे पाय सुजत होते, डॉक्टरनं बोलणं कमी करा म्हणून बजावलं होतं, आणि वकिलाला बोलणं कमी करा म्हणणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यातली गत. जज्जाची खुर्ची दोनदा अगदी जवळ येऊन दुसरीकडे गेली होती. ही तरी मिळू दे, असं तिला वाटत होतं. आणि मिळाली तर हे आणखी बोलणार, हेही तिला कळत होतं. देवा, एक काय ते दे, ती मनात म्हणाली, पण कोणतं दे ते तिला सांगता येईना.

आत स्वयंपाकघरात सुनीती कॉफीचं डिकॉक्शन गाळत होती.

ती राममूर्तीची बायको, साताऱ्याची. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. दत्तोपंत तिचे सख्खे मामा आणि त्यांनीच हे स्थळ जुळवलेलं, त्यामुळे गेला महिनाभर घरात निवडणुकीचा विषय निघाला की सगळ्यांचा आवाज आपोआप उतरायचा. ती बाहेर आली की बोलणं सांबाराकडे वळायचं. मराठीच बोलणाऱ्या घरात आपण परक्या का, हे तिला कोडंच होतं. इथलं मराठी तरी कसलं! "मी काम केलों" म्हणे. पहिल्या महिन्यात ती पदर तोंडात धरून हसायची. आता हसू येत नव्हतं, नुसता थकवा यायचा. प्रत्येक वाक्य एकदा कानानं ऐकायचं आणि एकदा मनात सरळ करून घ्यायचं.

त्यात मामंजी, तिचे सासरे व्यासराजराव, तेवढे आपले वाटायचे. पहाटेची पहिली कॉफी ते तिच्याच हातची घ्यायचे, चुलीपाशी पाटावर बसून. आज सकाळी डवऱ्यात, त्या पसरट वाटीत, कॉफी निववता निववता ते एकदम म्हणाले होते, "सुनीती, कोणाला सांगूं नको हां. सगळ्यांची कामें केलों मी. पदवी मात्र मला कधीं नाहीं मिळाली. एकदां मिळाली असती तर बरें वाटलें असतें, असें कधीं कधीं वाटतें."

तिचा जीव गलबलला होता. एवढे वाचणारे, इंग्रजी पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळणारे मामंजी, आणि पदवी नाही! धाकट्या भावाच्या पाटीवर बी.ए., बी.एल. अशी अक्षरं, आणि यांच्या दारावर पाटीच नव्हती. तिला आत्ता त्याचं कारण कळलं. "आता या वयात कशाला, मामंजी?" ती म्हणाली होती. "त्यानं काय तुमचा मान कमी होतो?"

ते जरा हसले होते, आणि उरलेली कॉफी तशीच ठेवून उठले होते.

तिला खरी भीती वेगळीच होती. गेल्या महिन्यात सभेनं ठराव केला होता, नव्यांनी मांडलेला, की अध्यक्ष पदवीधर असावा. ती बायकांच्या रांगेत होती. तंजावरकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांनी हसत हसत हात वर केले, आणि त्यात मामंजींचाही हात होता. बिचाऱ्यांनी स्वतःच्याच विरुद्ध हात वर केला, असं आता तिला वाटलं आणि डोळे भरून आले. येत्या रविवारी हे उभे राहिले आणि मामाच्या बाजूच्या कोणी उठून भर सभेत विचारलं, रावसाहेब, आपली पदवी कोणती, तर? विचारणार हे नक्की. मामाभोवतीची मंडळी फार चोख, कायद्यावर बोट ठेवणारी.

"दत्तोपंताला कसली पदवी अहे सभेंत?" बाहेरून कृष्णवेणीअक्कांचा आवाज आला. "काल आला, आज अध्यक्ष!"

मामा एम.ए. आहेत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तिनं ते गिळलं आणि दूध चुलीवर ठेवलं.

बाहेर आता व्यासराजांची पाळी होती. ते आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते. आपल्याविषयी लोक काय बोलतात ते ऐकायचं, तेही जिवंतपणी, असा प्रसंग माणसाला फार वेळा येत नाही.

"सभेंत कोणाच्या घरीं मयत झालें तर पहिला कोण पोंचतो?" अक्का म्हणाल्या. "कोणाचें लग्न अडलें तर धांवतो कोण? अध्यक्ष दुसरा, चिटणीस तिसरा, आणि उन्हांत फिरतो हा."

"तें सगळें खरें," सत्यनारायणराव म्हणाले. "पण अण्णा माइकसमोर उभा राहिला तर काय करतो? 'सगळ्यांनीं जेवून जावें' म्हणून सांगतो, बसतो."

यावर व्यासराजसुद्धा डोळे मिटल्या मिटल्या हसले.

"आणि नवे लोक अण्णाच्या मराठीला हसतात."

"तुझ्या मराठीला हसत नाहींत?"

"मी इंग्लिशमध्यें बोलतों, अक्का. हसायला त्यांना जागा कोठें?"

"जेवून जावें, हें काय वाईट भाषण अहे?" राममूर्ती म्हणाला. "लोकांना तेवढेंच लक्षांत राहातें." आपण वडिलांची बाजू एवढ्या मोठ्यानं घेतली याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. काकांशी आजवर त्यानं कधी तोंड वर करून वाद घातला नव्हता.

मग जे झालं ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. सीतालक्ष्मी म्हणाली, "मोठ्या भावोजींनाच राहूं दे उभें."

सत्यनारायणरावांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं.

"पाहातां काय असें?" ती म्हणाली. "तुमचे पाय पाहा. मला पाटीवर अध्यक्ष नको, घरांत माणूस पाहिजे." एवढं बोलून ती रडायलाच लागली.

सत्यनारायणराव बराच वेळ आपल्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची भावाकडे ओढली. आवाजातला वकील निघून गेला होता.

"अण्णा, तुला पाहिजे काय?"

व्यासराजांनी डोळे उघडले. आयुष्यात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. अण्णा करील, अण्णा पाहील, अण्णाला काय लागतं, असंच सगळे म्हणत आले. कॉलेज, नोकरी, लग्न, सगळं वडिलांनी ठरवलं. बायको गेली तेव्हा तिनंही विचारलं नाही. पाहिजे की नको? पाहिजे होतं. फार पाहिजे होतं. लाज वाटावी इतकं पाहिजे होतं. एकदा त्या मधल्या खुर्चीत बसायचं, आणि कोणी दुसऱ्यानं उन्हातान्हात हिंडून व्यवस्था पाहायची. अक्कांनी तबक त्यांच्याकडे सरकवलं. ते खुर्चीत सावरून बसले, घसा साफ केला.

"मामंजींना नका उभं करू."

दारात सुनीती उभी होती, हातात कॉफीचं ताट. ताटात टंबळर, कॉफीचे उभे पेले, वाफाळत होते.

"काय?" राममूर्ती म्हणाला.

"नका उभं करू त्यांना. माझं ऐका."

"पण का?"

"लोक काहीबाही विचारतील. त्यांना ते सोसायचं नाही." याहून जास्त काय सांगणार? कोणाला सांगू नको म्हणाले होते ते.

"दत्तोपंतांची भाची ना ती," सीतालक्ष्मी डोळे पुसत हळूच म्हणाली. हळूच, पण ऐकू सगळ्यांना गेलं. कोणी तिला गप्प केलं नाही. राममूर्तीनंही नाही.

व्यासराज सुनेकडे पाहत होते. साऱ्या घरात एकीलाच सांगितलं होतं त्यांनी. आणि तिनं सकाळी जे म्हटलं होतं तेच आता चारचौघांत म्हटलं. राग नव्हता आला. राग यायला अंगात जोर लागतो. नुसतं वाटलं, पुरे आता.

"सरी," ते म्हणाले. "ती बरोबर बोलते. या वयांत कशाला?"

आणि त्यांनी तबक भावापुढे ढकललं. सत्यनारायणरावांचा हात विड्यावर थोडा थबकला. मग त्यांनी विडा उचलला.

कॉफी कोणी धड प्यालं नाही. सत्यनारायणराव गल्लीतल्या दोन घरी सांगून येतो म्हणून निघाले आणि सीतालक्ष्मी त्यांच्यामागून गेली. राममूर्ती बायकोकडे न बघता माडीवर चढला. कृष्णवेणीअक्का मात्र टंबळर उचलून थेट स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"बोल आतां. मामानें शिकवलें?"

"नाही!"

"मग काय म्हणून तोंड घातलेंस? माझा भाऊ हो म्हणणार होता. मी पाहिलें त्याचें तोंड."

सुनीतीचा बांध फुटला. "आत्या, त्यांनी मला स्वतः सांगितलंय. त्यांना पदवी नाही! ठराव झालाय ना तसा? भर सभेत कोणी विचारलं असतं तर काय शोभा झाली असती त्यांची? तुम्हांला चाललं असतं?"

"नाहीं, तर नाहीं. निवडून आला असता म्हणजे मिळाली असती कीं पदवी."

"निवडून आल्यावर कशी मिळेल? ती कॉलेजात मिळते!"

अक्कांनी हातातला टंबळर सावकाश खाली ठेवला.

"अगे, पदवी म्हणजे काय म्हणतेस तूं?"

"बी.ए., एम.ए. असतं ते."

"अय्यो, देवा!" अक्कांनी कपाळावर हात मारला. "त्याला अमी पट्टम् म्हणतों गे! पदवी म्हणजे पोस्ट. अधिकार. खुर्ची! माझा भाऊ बी.ए. अहे, कुंभकोणम् कॉलेजचा, फर्स्ट क्लास!"

सुनीतीनं बाहेरच्या दाराकडे बोट केलं.

"पण मग दारावर पाटी..."

"होती. सत्या बी.ए.ला दोनदां नापास झाला. रोज त्या पाटीखालून आंत यायला त्याला नको वाटायचें. एके दिवशीं अण्णानें ती काढली, माळ्यावर टाकली. सत्या पास झाला, तरी परत लावायचें कोणाला आठवलें नाहीं." मग एकाएकी त्यांना वेगळंच काहीतरी उमगलं. "म्हणजे तो ठराव! मी म्हटलें, अध्यक्षाला पदवी असावी, हें काय ठराव करायचें? पाणी ओलें असावें म्हणून ठराव करतात काय? अमी सगळे हसलों, हात वर केलों. नव्यांना अक्कल नाहीं म्हटलों!"

त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. सुनीती मात्र हसली नाही. सकाळचं आपलं वाक्य तिला आता त्यांच्या कानांनी ऐकू आलं. आता या वयात कशाला, मामंजी? तिनं दार उघडलं आणि ती धावतच बाहेर गेली.

व्यासराज दारापुढच्या ओट्यावर एकटे बसले होते. समुद्राचा वारा नुकता सुटला होता आणि समोर फुलवाली आपल्या टोपलीवर पाणी शिंपडत होती. सुनीती त्यांच्यापुढे उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पदवी, पट्टम्, ठराव, मामाची माणसं.

"म्हणजे तुला वाटलें, मी बी.ए. नाहीं," ते अखेरीस म्हणाले. "आणि तें तूं झांकायला गेलीस. सगळ्यांचे बोल खाल्लेस."

"हो."

"आणि मला वाटलें, तूं मामाची झालीस."

"मला तुमचा राग आलाय, मामंजी," ती रडत म्हणाली. "दीड वर्ष तुमचं बोलणं मनात सरळ करून घेतेय मी, आणि नेमकं हेच चुकलं! मी जाते, काकांना सांगते. ते पुढच्याच घरी असतील."

"नको. उचललेला विडा तो. येव्हां खाल्ला पण असेल."

"मी सांगितलं तर ते ऐकतील."

"ऐकेल. माझा भाऊ अहे, परत करील. मग त्याला खुर्ची किती वेळां चुकवायची?" त्यांनी तिला बसायची खूण केली. ती पायरीवर बसली. मग ते म्हणाले, "एक कर. मघाशीं तूं दारांत आलीस ना कॉफी घेऊन, तें परत म्हण. बरोबर म्हण."

तिला कळलं. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मामंजींना उभं करा."

"ऐकूं आलें नाहीं."

"आमच्या मामंजींनाच उभं करा!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की फुलवालीनं मान वर केली आणि माडीवरची खिडकी उघडली.

व्यासराजांनी मान हलवली. सत्यानं विचारलेला प्रश्न अजून तसाच पडून होता.

"पाहिजे," ते म्हणाले.

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ओट्याखालच्या चपला पायानं चाचपू लागले. खुर्च्यावाल्याला आजच सांगायला हवं होतं. सभेचा रविवार तोंडावर आला होता, आणि सत्याला ते आठवणार नव्हतं.